स्टडी क्लबमध्ये इम्प्लांटची केस मांडायची आहे? सुरुवात पेशंटच्या पहिल्या भेटीला करा

"शनिवारी आयटीआयची मीटिंग आहे" असं घरी म्हटलं की आमचे काका हमखास विचारतात, "फिटरची का वेल्डरची?" महाराष्ट्रात आयटीआय म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्था, त्यामुळे काकांची काही चूक नाही. आपला विषय आहे तो इंटरनॅशनल टीम फॉर इम्प्लांटॉलॉजी, म्हणजे बासेलमध्ये मुख्यालय असलेली, नफा न कमावणारी संस्था. दंतरोपणातलं संशोधन आणि शिक्षण हे तिचं काम. तिचे स्टडी क्लब शहरोशहरी चालतात. पंधरा-वीस डेंटिस्ट जमतात, कुणीतरी केस मांडतं, बाकीचे प्रश्न विचारतात.

हे केस मांडणंच बहुतेक जण उलट्या क्रमाने करतात. कॅप बसली, पेशंट खूश झाला, मग फोनमधले फोटो शोधायला लागायचे. दात काढल्यानंतरचा सॉकेट दिसतच नाही. सुरुवातीचा एक्स-रे पेशंटबरोबर घरी गेलेला. संमती तोंडीच घेतलेली. मग स्लाइडवर 'आधी' आणि 'नंतर' असे दोन फोटो लावून टाळ्या घ्यायच्या. अशा केसमधून ना मांडणारा काही शिकतो, ना ऐकणारा.

हा लेख पहिल्यांदा केस मांडणाऱ्या बीडीएस-एमडीएस मित्रमैत्रिणींसाठी आहे. आयटीआयच्या क्लबला जात नसाल, तुमच्या आयडीए (इंडियन डेंटल असोसिएशन) शाखेत मांडणार असाल, तरी क्रम हाच.

## टप्पा १: केस निवडा आणि प्रश्न ठरवा

केस निवडताना "माझी सगळ्यात सुंदर केस कोणती?" हा विचार बाजूला ठेवा. "कुठल्या केसमध्ये मी एका वळणावर अडलो होतो?" हे विचारा. ताबडतोब रोपण करावं की सहा आठवडे थांबावं, दोन इम्प्लांट घालावेत की एक घालून कॅन्टिलिव्हर (एकाच बाजूने आधार असलेला जोडदात) द्यावा, हिरडीचं ग्राफ्ट आधी की नंतर, असं एखादं वळण असलं की चर्चा आपोआप होते.

प्रश्न एका वाक्यात लिहून काढा. उदाहरणार्थ, "पातळ हिरडी आणि उंच लिपलाइन असताना २१ नंबरच्या जागी टाइप १ रोपण करायला हवं होतं का?" (उंच लिपलाइन म्हणजे हसताना ओठ वर जाऊन हिरडी दिसणं, २१ म्हणजे वरचा डावा समोरचा दात, टाइप १ म्हणजे दात काढला त्याच दिवशी रोपण.) असं वाक्य जमत नसेल तर केस अजून मांडण्याजोगी झालेली नाही.

फसलेली केस मांडायची का? जरूर मांडा. माझ्या पहिल्या मांडणीत मी एक बिनचूक मोलर दाखवला होता. सगळ्यांनी "छान, छान" म्हटलं आणि चहा घेतला. दुसऱ्या वेळी हिरडी दोन मिलिमीटर खाली सरकलेली केस नेली, तर चर्चा पाऊण तास चालली.

एक मात्र पाळा: उपचार अजून सुरू असेल आणि पेशंट तक्रारीच्या मनःस्थितीत असेल, तर ती केस तूर्त ठेवून द्या. आधी पेशंट, मग क्लब.

## टप्पा २: संमती पहिल्याच दिवशी, आणि तीन वेगवेगळ्या

बहुतेकांकडे एकच फॉर्म असतो. तो उपचाराच्या संमतीचा असतो आणि त्यातच तळाशी बारीक अक्षरात "फोटो शैक्षणिक कामासाठी वापरले जातील" असं छापलेलं असतं. हे पुरेसं नाही. तीन गोष्टींची संमती वेगवेगळी घ्या:

- उपचारासाठी.
- फोटो, एक्स-रे आणि स्कॅन काढून रेकॉर्डमध्ये ठेवण्यासाठी.
- ते इतर डेंटिस्टसमोर, नाव न सांगता, दाखवण्यासाठी. चेहरा दिसणार असेल तर त्यासाठी वेगळी खूण.

फॉर्म मराठीत हवा. "शैक्षणिक प्रयोजनार्थ" असलं सरकारी मराठी टाळा आणि सरळ लिहा: "माझ्या दातांचे फोटो डॉक्टर इतर दातांच्या डॉक्टरांना दाखवू शकतात. मी नाही म्हटलं तरी माझ्या उपचारात फरक पडणार नाही. नंतर मन बदललं तर मी कळवू शकतो/शकते." २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचं तत्त्वही हेच आहे: संमती ठरावीक कारणापुरती असते आणि ती मागे घेता येते.

सही उपचाराआधी घ्या. कॅप बसवल्यावर, बिल भरण्याच्या रांगेत घेतलेल्या सहीला फारसा अर्थ नाही. तेव्हा पेशंट आपल्याला नाही म्हणायला संकोचतो.

सावधान: तालुक्याच्या गावात डोळ्यांवर काळी पट्टी मारल्याने ओळख लपत नाही. "आमच्या शाळेतल्या बाईंना अपघातात लागलं" एवढं बोललात तरी खोलीतल्या दोघांना कळतं. वय अंदाजे सांगा, व्यवसाय आणि गाव गाळा.

## टप्पा ३: इतिहास आपल्या भाषेत विचारा

हा टप्पा लोक दोन मिनिटांत उरकतात. पुढे प्रश्नोत्तरांत सगळ्यात जास्त अडचण इथेच होते.

छापील फॉर्ममध्ये "स्मोकिंग: हो/नाही" असं असतं. पेशंट "नाही" वर खूण करतो आणि ते खरंही असतं. पण सकाळ-संध्याकाळ मिश्री लावणाऱ्या आजी, खिशात मावा बाळगणारा ड्रायव्हर, गुटखा सोडून सहाच महिने झालेला दुकानदार, हे सगळे त्या फॉर्ममध्ये "नाही" असतात. म्हणून नाव घेऊन विचारा: सिगारेट, विडी, तंबाखू-चुना, मिश्री, मावा, गुटखा. किती वेळा आणि किती वर्षं, तेही लिहा.

गुटख्याचा इतिहास असेल तर तोंड किती उघडतं ते मोजा. वरच्या आणि खालच्या समोरच्या दातांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये लिहा. सबम्यूकस फायब्रोसिसमध्ये (तोंडाचं आतलं अस्तर कडक होऊन तोंड कमी उघडणं) मागच्या दाढेपाशी हँडपीस आणि ड्रिल मावतच नाही, आणि हे ऑपरेशनच्या खुर्चीत कळणं फार वाईट.

हाडांच्या औषधांचंही तसंच. "कुठली औषधं चालू आहेत?" विचारलं की पेशंट रोजच्या गोळ्या सांगतो. आठवड्यातून किंवा महिन्यातून एकदा घ्यायची हाडाची गोळी, सहा महिन्यांनी एकदा मिळणारं इंजेक्शन, वर्षातून एकदा लागणारं सलाईन, ही त्याच्या मते "चालू औषधं" नसतात. बिस्फॉस्फोनेट आणि डेनोसुमॅब या हाडांच्या औषधांमुळे जबड्याचं हाड भरून येण्यात अडचण येऊ शकते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तेव्हा थेट विचारा: "हाडं ठिसूळ झाली म्हणून कधी इंजेक्शन किंवा गोळी घेतली का?" कॅन्सरच्या उपचारांबद्दल वेगळं विचारा.

मधुमेह असेल तर "शुगर कंट्रोलमध्ये आहे" यावर थांबू नका. एचबीए१सीचा (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा) आकडा आणि तपासणीची तारीख लिहा.

तपासून घ्या: पेरिओडॉन्टायटिसमुळे (हिरडी आणि हाडाच्या आजारामुळे) दात गेलेला आहे का, आणि उरलेल्या दातांचं चार्टिंग आजच्या तारखेचं आहे का? चर्चेत पहिला प्रश्न बहुधा हाच येतो.

## टप्पा ४: नोंदी घ्या, आणि ठरलेल्या क्रमाने

फोटोग्राफी हा निम्म्या लोकांचा कच्चा दुवा. उपकरणं महागडी लागत नाहीत, शिस्त लागते. १०० मिलिमीटरच्या आसपासची मॅक्रो लेन्स, रिंग किंवा ट्विन फ्लॅश, रिट्रॅक्टर, समोरच्या पृष्ठभागावर परावर्तन करणारा आरसा आणि काळी पट्टी. तोंडातल्या फोटोंना एफ/२२ च्या आसपास, शटर १/१२५, आयएसओ १०० ते २००. चेहऱ्याच्या फोटोला ॲपर्चर एफ/८ ते एफ/११ पर्यंत उघडा. हे आकडे कॅमेऱ्यावर चिकटवून ठेवा आणि सेटिंग सारखं बदलू नका. सहा महिन्यांनी काढलेला फोटो पहिल्या फोटोशेजारी ठेवता आला पाहिजे.

पहिल्या भेटीचा संच:

- चेहरा समोरून: ओठ मिटलेले, साधं हसू, आणि मोकळं हसताना. लिपलाइन या तिसऱ्यातच दिसते.
- दात मिटून समोरून, डावीकडून, उजवीकडून.
- आरशात वरची आणि खालची कमान.
- जिथे इम्प्लांट घालायचा त्या जागेचा जवळून फोटो, समोरून आणि चावण्याच्या बाजूने.
- सौंदर्याची जागा असेल तर समोरच्या दातांमागे काळी पट्टी धरून एक.

आरसा धुरकट होतो ही नेहमीची रड. कोमट पाण्यात बुडवून काढा, किंवा असिस्टंटला थ्री-वे सिरिंजने हलकी हवा मारायला सांगा. लाळ आणि रक्त पुसल्याशिवाय बटण दाबू नका. स्लाइडवर ते चौपट मोठं दिसतं.

हिरडीची जाडी ठरवायला प्रोब हिरडीच्या आत सरकवून बाहेरून रंग दिसतो का ते पाहा, आणि त्याच क्षणाचा फोटो काढा. नुसतं "थिन फेनोटाइप" लिहिलंत तर कुणीतरी "कशावरून?" विचारणारच.

सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय स्कॅन) मागवताना सगळी कवटी मागवू नका. लागतं तेवढंच क्षेत्र घ्या, किरणं कमी आणि प्रतिमा बारीक. पण त्याआधी वॅक्स-अप किंवा डिजिटल सेट-अप (भावी दाताचा मेणातला किंवा संगणकावरचा नमुना) झालेला हवा. भावी दात कुठे येणार हे ठरलेलं नसताना हाडाचा छेद कुठे घ्यायचा? बरेच जण आधी हाड बघतात, हाडात बसेल तिथे इम्प्लांट ठेवतात आणि मग लॅबला म्हणतात, "आता काहीतरी कर." लॅबवाला काहीतरी करतोही. स्क्रूचं भोक मात्र दाताच्या समोरच्या बाजूला येतं.

सावधान: फोटो असिस्टंटच्या व्हॉट्सॲपवरून स्वतःला पाठवू नका. आकार घटतो, तारीख जाते आणि पेशंटचा चेहरा तीन फोनमध्ये राहतो. कार्डवरून थेट संगणकावर घ्या. फोल्डरला नावाऐवजी केस क्रमांक आणि तारीख द्या.

## टप्पा ५: एसएसी वर्गीकरण, हात लावण्याआधी

स्ट्रेटफॉरवर्ड, ॲडव्हान्स्ड आणि कॉम्प्लेक्स या तीन पायऱ्यांना आयटीआयमध्ये एसएसी म्हणतात. संस्थेच्या संकेतस्थळावर त्याचं मूल्यमापन साधन मोफत आहे. प्रश्नांची उत्तरं दिली की शस्त्रक्रिया आणि प्रॉस्थेसिस (वर बसणारा दात) या दोन्हींची पायरी वेगवेगळी मिळते.

चुका दोन होतात. एक म्हणजे उपचार झाल्यावर फॉर्म भरणं. निकाल चांगला आला की सगळंच "स्ट्रेटफॉरवर्ड" वाटायला लागतं. आधी भरा, प्रिंट काढा, तारखेसह फाइलला लावा. दुसरी चूक म्हणजे एकच पायरी सांगणं. शस्त्रक्रिया सोपी आणि दात बनवणं कठीण, असं नेहमी घडतं, उलटही घडतं.

एक उदाहरण घेऊ. समजा तिशीतल्या बाई आहेत. स्कूटरवरून पडल्या, २१ चं मूळ मोडलं. हसताना हिरडी पूर्ण दिसते. हिरडी पातळ, शेजारचे दात त्रिकोणी. सीबीसीटीत समोरची हाडाची भिंत शाबूत, पण एक मिलिमीटरहून पातळ. तीन आठवड्यांवर नणंदेचं लग्न.

धोके आता एकेक मोजा. उंच लिपलाइन म्हणजे चूक लपणार नाही. पातळ हिरडीतून धातूची छटा दिसू शकते आणि अशी हिरडी खाली सरकायला सोकावलेली असते. त्रिकोणी दातांमध्ये पॅपिला (दोन दातांमधलं हिरडीचं टोक) भरला नाही तर काळा त्रिकोण दिसतो. पातळ भिंत दात काढल्यावर झपाट्याने झिजते. आणि लग्न! साधनात "पेशंटच्या अपेक्षा" असाही एक प्रश्न आहे, तो याचसाठी. ही जागा "एस" नक्कीच नाही. शस्त्रक्रियेला मी कॉम्प्लेक्स धरेन आणि प्रॉस्थेसिसलाही ॲडव्हान्स्डच्या खाली येणार नाही.

आता वेळ ठरवा. दात काढला त्याच दिवशी रोपण म्हणजे टाइप १. हिरडी भरून आल्यावर, चार ते आठ आठवड्यांनी, टाइप २. हाड थोडं भरल्यावर, बारा ते सोळा आठवड्यांनी, टाइप ३. सहा महिन्यांनंतर टाइप ४. लोडिंगचे, म्हणजे इम्प्लांटवर दात कधी बसवायचा याचे, तीन भाग: आठवड्याच्या आत, आठवडा ते दोन महिने, आणि दोन महिन्यांनंतर. २०१८ च्या ॲमस्टरडॅमच्या आयटीआयच्या कन्सेन्सस (तज्ज्ञांच्या एकमताच्या) परिषदेच्या कामातून वेळ आणि लोडिंग एकत्र लिहिण्याची रीत पुढे आली, लोडिंगला अनुक्रमे ए, बी, सी. म्हणजे त्याच दिवशी रोपण आणि दोन महिन्यांनंतर दात, हे झालं १सी. स्लाइडवर एवढं लिहिलं की पाच वाक्यांची बचत होते.

वरच्या बाईंना मी २सी सुचवेन. दात काढा, हिरडी भरू द्या, सहा-आठ आठवड्यांनी रोपण आणि त्याच वेळी समोर हाडाचं ग्राफ्ट. लग्नाला तात्पुरता दात लागेल: पारदर्शक रिटेनरमध्ये बसवलेला, किंवा शेजारच्या दाताला चिकटवलेला. जखमेवर दाब देणारा नको. तुमचं मत वेगळं असेल तर फारच चांगलं. तीच तुमची चर्चा.

तपासून घ्या: नियोजनाचे आकडे लिहिले का? शेजारच्या दातापासून किमान १.५ मिलिमीटर, दोन इम्प्लांटमध्ये ३, भावी हिरडीच्या कडेपासून खोली ३ ते ४, समोर शक्यतो २ मिलिमीटर हाड. खालच्या जबड्यात नसेच्या कालव्यापासून २ मिलिमीटरचं अंतर.

## टप्पा ६: शस्त्रक्रियेच्या दिवशी पुन्हा न येणारे क्षण

हाताला रक्त लागलेलं असताना कॅमेरा धरता येत नाही. म्हणून आधीच ठरवा की फोटो कोण काढणार. असिस्टंटला आदल्या दिवशी दोनदा सराव द्या आणि यादी लाइट हँडलला टेपने लावा:

- दात काढल्यावर रिकामा सॉकेट, वरून.
- पायलट ड्रिलनंतर दिशादर्शक पिन, समोरून आणि वरून. शक्यतो एक एक्स-रेही.
- इम्प्लांट जागेवर, वरून. समोरची मोकळी जागा किंवा उघडा पडलेला थ्रेड दिसला पाहिजे.
- ग्राफ्टनंतर आणि मेम्ब्रेननंतर.
- टाके.

यातला तिसरा फोटो सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात जास्त वेळा विसरला जाणारा. हिरडी नंतर खाली सरकली तर कारण त्याच फोटोत सापडतं: इम्प्लांट समोर झुकलेला होता का? नंतर सीबीसीटी काढून ते कळेल या भरवशावर राहू नका. टायटॅनियमच्या चकाकीत समोरची पातळ भिंत नीट वाचता येत नाही.

कागदावर: इम्प्लांटचं स्टिकर लॉट नंबरसह, व्यास, लांबी, घालतानाचा टॉर्क न्यूटन सेंटीमीटरमध्ये, आयएसक्यू (इम्प्लांट किती घट्ट आहे त्याचं माप) मोजला असेल तर दोन दिशांचे आकडे, ग्राफ्टचं नाव आणि प्रमाण, टाक्याचा धागा. "टॉर्क चांगला होता" हा आकडा नव्हे.

ठरवलेलं बदललं असेल तर तेही त्याच दिवशी लिहा. "भिंत फुटली, म्हणून १सी सोडून बंद केलं" हे एक वाक्य महिन्याभराने आठवणीतून पुसलं जातं आणि आपण स्वतःलाच सांगायला लागतो की आधीपासून तसंच ठरलं होतं.

## टप्पा ७: कॅप बसली, आता आधाररेषा

कॅप बसवण्याच्या दिवशीचा पेरिॲपिकल एक्स-रे पॅरललिंग होल्डर लावून घ्या. थ्रेड दोन्ही बाजूंनी धारदार दिसले पाहिजेत. पुसट दिसत असतील तर कोन चुकलाय, पुन्हा घ्या. हिरडी स्थिरावल्यावर हलक्या हाताने प्रोबिंग करून सहा जागांचे आकडे लिहा. ही तुमची आधाररेषा.

ती नसेल तर काय होतं? पाच वर्षांनी रक्त येतंय, हाड उतरल्यासारखं दिसतंय, पण कशाच्या तुलनेत? म्हणून तर हिरडीच्या आणि इम्प्लांटभोवतीच्या आजारांच्या वर्गीकरणासाठीच्या २०१७ च्या जागतिक कार्यशाळेने जुन्या नोंदी नसलेल्यांसाठी वेगळे निकष दिले: प्रोबिंगवर रक्त किंवा पू, खोली ६ मिलिमीटर किंवा अधिक, आणि हाड ३ मिलिमीटर किंवा अधिक खाली. आधाररेषा असेल तर पेरि-इम्प्लांटायटिस (इम्प्लांटभोवती हाड झिजवणारी दाहक अवस्था) त्याच्या कितीतरी आधी पकडता येतो.

सिमेंटने बसवली असेल तर एक्स-रेत उरलेलं सिमेंट शोधा. सगळी सिमेंटं एक्स-रेत दिसत नाहीत, हेही ध्यानात ठेवा.

सावधान: कॅप बसवल्याच्या दिवशीचा फोटो शेवटची स्लाइड म्हणून लावू नका. निदान एका वर्षाचा पाठपुरावा असू द्या. आणि "सक्सेस" लिहिण्याआधी विचार करा. इम्प्लांट तोंडात टिकून आहे याला सर्व्हायव्हल म्हणतात. सक्सेससाठी हाड, हिरडी, दिसणं, पेशंटचं समाधान हे सगळं लागतं, आणि कुठले निकष लावलेत ते सांगावं लागतं.

## टप्पा ८: स्लाइड

पंधरा मिनिटं मिळाली असतील तर दहा मिनिटांचं तयार करा. मराठी माणसाची प्रस्तावना पाच मिनिटं खातेच.

पहिल्या स्लाइडवर तो एका वाक्यातला प्रश्न. दुसरीवर पेशंटची अडचण, पेशंटच्याच शब्दांत. मग इतिहास, नोंदी, एसएसी, पर्याय. पर्यायांच्या स्लाइडवर थांबा आणि खोलीला विचारा, "तुम्ही काय केलं असतं?" दोन मिनिटं बोलू द्या. त्यानंतरच तुम्ही काय केलंत ते दाखवा. निकाल आधी दाखवला की सगळेच शहाणे होतात.

इम्प्लांटची जाहिरात आणि ओसिओइंटिग्रेशनची (हाड आणि इम्प्लांट घट्ट जुळण्याची) व्याख्या, दोन्ही काढून टाका. खोलीतल्या सगळ्यांना ती पाठ आहे.

संशोधनाचा आधार देत असाल तर दोन-तीनच संदर्भ, आणि ते वाचलेले. कन्सेन्सस निवेदन उद्धृत करताना कुठल्या परिषदेचं ते बघा. २०१८ नंतर २०२३ मध्ये लिस्बनची परिषद झाली आहे; जुन्या फोटोकॉपीतलं वाक्य अजून तसंच आहे का ते तपासा.

कंपनीने सवलतीत माल दिला असेल, कोर्सचा खर्च केला असेल, तर सुरुवातीलाच सांगा. आयटीआयची स्ट्राऊमान कंपनीशी जुनी भागीदारी आहे आणि ती उघड आहे. मग आपण आपलं का लपवायचं? दुसऱ्या कंपनीचा इम्प्लांट वापरला असेल तरी बिचकू नका, नाव आणि माप स्पष्ट लिहा.

ओळख पुसताना या जागा हमखास निसटतात:

- सीबीसीटीच्या स्क्रीनशॉटच्या कोपऱ्यातलं नाव. मूळ डायकॉम (स्कॅनची) फाइल शेअर केलीत तर नाव, वय, तारीख फाइलच्या पोटातच असतं.
- स्लाइडमध्ये क्रॉप केलेला भाग. दिसत नसला तरी फाइलमध्ये राहतो, "रीसेट" केलं की चेहरा परत येतो.
- डोळ्यांवर ठेवलेला काळा चौकोन. फाइल मिळालेला कुणीही तो उचलून बाजूला ठेवू शकतो. फोटो संपादनात पट्टी मारून, नवी प्रतिमा म्हणून साठवून, मगच स्लाइडमध्ये घ्या.
- फोटोच्या फाइलचं नाव. "सौ. अमुक आधी" असं असतं ते.

तपासून घ्या: प्रेझेंटेशन दुसऱ्याच्या लॅपटॉपवर उघडून पाहिलं का? देवनागरी फॉन्ट नसला की सगळे चौकोन होतात, आणि व्हिडिओ हमखास मागे राहतो.

## टप्पा ९: चर्चा

प्रश्न सुरू झाले की पहिला मोह स्वतःचा बचाव करण्याचा. "हो, पण पेशंटलाच घाई होती." असेल. पण मग तुम्ही पेशंटला काय समजावलंत, हा पुढचा प्रश्न येतो.

वही घेऊन बसा किंवा मित्राला टिपणं घ्यायला सांगा. बोलताना लिहिणं जमत नाही आणि घरी जाईपर्यंत फक्त टोमणे लक्षात राहतात. प्रत्येक सूचनेपुढे दोन खुणा करा: याच पेशंटला आत्ता उपयोगी, किंवा पुढच्या केसला.

खोलीत ज्येष्ठ सर असतील तर आपण सगळेच गप्प बसतो. ही आपली रीत. म्हणून संचालकांना आधीच सांगून ठेवा की नवख्यांना पहिल्यांदा बोलू द्या, सर शेवटी. मी हे एकदा सुचवलं तेव्हा सरांनाच ते आवडलं. "मलाही कळेल तुम्हाला काय येतं," म्हणाले.

तुमच्या केसला कुणी "असं मी कधीच केलं नसतं" म्हटलं, तर विचारा, "कुठल्या टप्प्यावर तुम्ही वेगळं केलं असतं?" नोंदी पूर्ण असल्या की त्यांना बोट ठेवून दाखवावं लागतं.

## टप्पा १०: घरी आल्यावर

क्लबच्या लॅपटॉपवर फाइल राहिली असेल तर ती पुसून या. पेन ड्राइव्ह तिथेच राहतो, हा अनुभव सगळ्यांचा आहे.

पेशंटला काही बदल सुचला असेल, उदाहरणार्थ रात्रीचा गार्ड किंवा हिरडीचं ग्राफ्ट, तर त्यांना फोन करा आणि नोंद करा. केस लिहून छापायची इच्छा असेल तर केअर (केस रिपोर्ट लिहिण्याच्या) मार्गदर्शक तत्त्वांची यादी समोर ठेवा. तुमच्या नोंदींतून त्यातले बहुतेक रकाने आत्ताच भरता येतील. छापण्यासाठी पेशंटची संमती मात्र नव्याने घ्या. खोलीत दाखवणं आणि छापणं यात फरक आहे.

शेवटी फाइलच्या पहिल्या पानावर पुढच्या तपासणीची तारीख लिहा आणि त्याखाली: तोच कॅमेरा, तीच सेटिंग, तोच होल्डर.